बनियनवरचे शब्द

मंगळवारी अकरा वाजता चौकशी होती आणि सोमवारी सकाळीच डिक्शनरी भरलेला डबा घरी विसरून आली होती.

डिक्शनरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण कारखान्यात तिला दुसऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, अगदी साहेब धरून. तोंडावर डिक्शनरीबाई, पाठीमागे नुसतं डिक्शनरी. तिला दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्हीचा अभिमानही होता, फक्त तिनं तो कधी कबूल केला नाही.

चौकशी तिच्या काकांची होती. सख्ख्या काकांची, वडिलांच्या पाठच्या भावाची. फरशीवर ओतायचा रंगीत लेप बनवणारा तो कारखाना, आणि त्याच्या मिक्सिंगच्या शेडमध्ये काकांनी चौतीस वर्षं काढली होती. आठ महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी दोन अर्धे भरलेले ड्रम एकत्र केले. ते मिश्रण तापत तापत धुराचे लोट सोडायला लागलं. काकांचे दोन्ही हात भाजले आणि धूर छातीत गेल्यानं फोर्कलिफ्टवाला चार दिवस दवाखान्यात पडून राहिला. आता मुख्य कचेरीतून एक चौकशीवाल्या बाई येणार होत्या. त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, काकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मध्ये बसून इकडचं तिकडे करणारं माणूस, साहेब सोडले तर, त्या अख्ख्या कारखान्यात एकच होतं. हलगर्जीपणा ठरला तर काकांना आठ महिने आधीच घरी बसवणार, आणि तसं पत्रात लिहून देणार. घरी बसण्याची काकांना भीती नव्हती. चौतीस वर्षांच्या शेवटी ‘निष्काळजी’ हा शब्द लागणार, ही होती.

आणि डिक्शनरीला जे ठाऊक होतं ते साहेबांना ठाऊक नव्हतं, चौकशीवाल्या बाईंना तर नव्हतंच. म्हणून तो डबा विसरला होता.

तिचं टेबल कचेरी आणि शेड यांच्या मध्ये होतं. दोन्हीकडचा आवाज तिथं यायचा आणि दोन्हीकडचा पंखा तिथं पोचायचा नाही. एकवीस वर्षं ती त्या जागी बसून शब्दांना कपडे घालत होती. तिचे वडील घरात बनियनवर बसायचे, दाराशी कुणी आलं की खुंटीवरचा शर्ट चढवून, नीट इन करून मगच कडी काढायचे. इंग्रजी शब्दांचंही असंच असतं, हे तिला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं, आणि कळलं ते चांगलं तोंडावर आपटून. मुख्य कचेरीत लेपाच्या कृती ठरवणारा एक तंत्रज्ञ होता. तो बोलतो तसंच लिहायचा, म्हणून शेडमध्ये त्याला पत्रवाला म्हणत. त्याच्या एका मेलमधलं वाक्य हिनं जसंच्या तसं उचलून गिऱ्हाइकाच्या पत्रात घातलं: आम्ही त्यात रंग ‘चक्ड इन’ केला आहे. गिऱ्हाइकानं विचारलं, आमचा माल तुम्ही फेकाफेकी करून बनवता का? तेव्हाचे साहेब नुसतं पत्र समोर ठेवून चष्म्यावरून बघत राहिले. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला आणि एक वही घेतली.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे इन केलेले शब्द, उजवीकडे बनियनवरचे. कारखान्याचा सगळा धंदाच दोन गोष्टी एक करण्याचा, त्यामुळे निम्मी वही त्याच शब्दांनी भरली. डावीकडे कम्बाइन, ब्लेंड, ॲड. उजवीकडे चक टुगेदर, थ्रो टुगेदर, लम्प टुगेदर. मिक्स दोन्हीकडे चालतो, त्याला कुठल्याही घरात मज्जाव नाही. ब्लेंड म्हटलं की आधीच्या दोन वस्तू पुन्हा ओळखू येता कामा नयेत. कम्बाइन म्हणजे कोट घातलेला, सही-शिक्क्याचा. थ्रो टुगेदर म्हणजे वेळ नव्हता, कसंबसं जमवलं. लम्प टुगेदर म्हणजे वेगळं ठेवायला हवं होतं ते एका ढिगात लोटलं. आणि चक टुगेदर म्हणजे, दिलं एकात फेकून, बघितलंसुद्धा नाही. जिथं हे शब्द सापडले ती मेल छापून, कापून ती शेजारी चिकटवायची. पुढे तिचा हात इतका बसला की पत्रवाल्यानं बनियनवर काहीही लिहावं, तिच्या टेबलावरून ते इन करूनच बाहेर पडायचं. शेडच्या भिंतीवर लावायची कामाच्या सूचनांची कार्डंही तीच लिहायची. ऑडिटला येणारे म्हणायचे, तुमची कार्डं फार व्यवस्थित असतात हो. साहेब मान डोलवायचे, जणू त्यांनीच लिहिलीत.

शब्दांचा हा नाद मुळात तिला लागला काकांमुळे. पीठ मळायचं, रंग कालवायचा, राळेत रंगाची पूड घोटायची, पातळ द्रव धारेनं सोडायचा, आणि शेवटी सगळं एकजीव झालं पाहिजे. लहानपणी ती एकदा म्हणाली, “काका, मी पाण्यात साखर टाकली.” काका म्हणाले, “टाकतात तो कचरा. तू साखर घातलीस.” नोकरीही त्यांनीच लावून दिली होती. शेडमध्ये नवीन आलेल्या माणसाला ते आधी बोलायला शिकवत, मग काम शिकवत. लोक मागून हसायचे, पण काकांच्या पुढ्यात ‘टाकलं’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लेपाचे दोन भाग असतात. एक राळ आणि दुसरा तिला घट्ट करणारा द्रव. शेडमध्ये राळेला मोठा म्हणत आणि द्रवाला धाकटा. दोघं एकत्र आले की तापतात. वाटीभर असले तर वाटी नुसती कोमट लागते. गिऱ्हाईक आपल्या जागेवर दोन्ही मिसळतं आणि लगेच फरशीवर पातळ पसरून टाकतं, म्हणून तिथंही काही बिघडत नाही. पण ढीग मोठा असेल तर ताप बाहेर पडायला वाट मिळत नाही. कारखान्यात मात्र मोठ्याधाकट्याची भेट नमुन्याच्या वाटीपलीकडे कधीच होत नसे. ते वेगवेगळ्या ड्रमांतून वेगवेगळे बाहेर जात.

आता मूळ दुखणं. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी पत्रवाल्याला विचारलं होतं, नमुन्याच्या वाट्यांत जे राहतं त्याचं काय करायचं? पत्रवाल्याचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘जस्ट चक द ऑड्स अँड एन्ड्स टुगेदर, लेट इट गो हार्ड अँड बिन इट.’ म्हणजे, उरलंसुरलं द्या एकत्र फेकून, घट्ट झालं की कचऱ्यात. पूर्ण बनियनवरचं वाक्य. डिक्शनरीनं त्याला नेहमीप्रमाणे शर्ट चढवला. कार्डाच्या वरच्या अर्ध्यात इंग्रजी: ‘कम्बाइन द रिमेनिंग क्वांटिटीज ऑफ बोथ कंपोनंट्स.’ खालच्या अर्ध्यात आपल्या भाषेत: ‘दोन्ही घटकांचे उरलेले प्रमाण एकत्र करावे व घट्ट झाल्यावर विल्हेवाट लावावी.’ खाली तिची आद्याक्षरं, त्याखाली साहेबांची सही. साहेबांनी वाचलं नसणार. वाचलं असतं तरी त्यांना बरंच वाटलं असतं.

ऑड्स अँड एन्ड्स एका वाटीत मावतात. रिमेनिंग क्वांटिटीज कितीही असू शकतात. हा फरक तिला तीन वर्षं दिसला नाही, आणि एका दुपारी चाळीस मिनिटांत दिसला.

त्या दुपारी एक ऑर्डर रद्द झाली होती. मोठ्याचा एक ड्रम अर्धा आणि धाकट्याचा एक ड्रम अर्धा, मुदत संपलेले. साहेब जाता जाता म्हणाले, “कार्डाप्रमाणे विल्हेवाट लावा,” आणि जेवायला निघून गेले. काका कार्ड हातात घेऊन तिच्या टेबलाशी आले. ती फोनवर होती, खांद्यात फोन धरून एकीकडे टाइप करत होती.

“पोरी, हे वाट्यांचं आहे, का ड्रमांनाही चालतं?”

तिनं कार्डावर नजर टाकली. तिचंच वाक्य, स्वच्छ, कुठे बोट ठेवायला जागा नाही. “उरलेलं म्हणजे जे उरलं ते सगळं, काका. लिहिलंय तसंच करायचं.”

“मोठा ढीग होतोय म्हणून विचारलं.”

“लिहिलंय तसंच,” ती म्हणाली आणि फोनवरच्या माणसाला म्हणाली, हां, बोला.

काका एक क्षण थांबले आणि गेले. त्या वेळी आजूबाजूला कुणी नव्हतं. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. ड्रमाच्या बुडाचा रंग काळपट होत गेला, वरून पिवळा धूर सुटला, फोर्कलिफ्टवाला धावला आणि खोकत खाली बसला. काकांनी त्याला बाहेर ढकललं आणि मग तो ड्रम ट्रॉलीवरून, हातमोज्यांतून हात भाजत असताना, मागच्या मोकळ्या अंगणात लोटत नेला. शेडमधली सगळी माणसं वाचली. एवढं सगळं झाल्यावर रिपोर्टच्या पहिल्या ओळीत छापून आलं ते ‘कामगाराने दोन ड्रम एकत्र केले’.

सोमवारी दुपारी साहेबांनी तिला काचेच्या दाराआड बोलावलं.

“उद्या नटवायचं नाही,” ते म्हणाले. “तो बोलेल तसंच्या तसं. नेहमीसारखं कोटबिट घालून द्यायचं नाही. मी नातं कळवलंय वर. म्हणून सगळं रेकॉर्ड होणार आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तुमच्याही अंगाशी येईल.”

एकवीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांना बनियनवरचे शब्द हवे होते. कुठं पाणी मुरतंय हे तिला कळत होतं. कामगार निष्काळजी निघाला की कार्डावरची सही कुणी तपासत नाही. आणि त्या कार्डावर दोघांची अक्षरं होती. साहेब वाचले तर तीही वाचत होती. हा विचार तिच्या मनात आला, आणि आल्याची तिला लाज वाटली, आणि तरी तो गेला नाही. घरी तिची लेक शेवटच्या वर्षाला होती आणि नवऱ्याचं काम वर्षभर बंद पडलं होतं. कुणालाही असा विचार आला असता.

संध्याकाळी ती काकांकडे गेली. काकू त्यांना घास भरवत होत्या. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज, मांडीवर टॉवेल पसरलेला.

“बघ, या वयात मला तान्हं बाळ झालंय,” काकू म्हणाल्या. “आणि वर भाजीत मीठ कमी म्हणून रडतंय.”

डिक्शनरी समोर बसली. “काका, उद्या...”

“उद्या मी काय बोलतो ते तू तिला सांगायचं. बाकी माझं मी बघतो.”

“काका, त्या दिवशी तुम्ही मला येऊन विचारलं होतं.”

“कधी?”

“ड्रम उघडायच्या आधी. माझ्या टेबलाशी.”

काकांनी तिच्याकडे सरळ बघितलं. “मला नाही बाई आठवत. धुरानं डोकं गेलंय माझं.” आणि त्यांनी काकूंपुढे तोंड उघडलं, म्हणजे पुढचा घास.

काकू एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. डिक्शनरी उठली. काकांना खरंच आठवत नसेल तर? मग ठाऊक असणारी जगात ती एकटीच उरत होती, आणि तिनं तोंड उघडलं नाही तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. तरी सकाळी निघताना तिनं वही पर्समध्ये घातली. का घातली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चौकशीची खोली म्हणजे एरवीची डबे खायची खोली. लांब टेबल पुसून घेतलेलं, पण कडेला जुने चहाचे गोल डाग. मध्ये रेकॉर्डर, त्याचा लाल दिवा लागलेला. प्लास्टिकच्या पिशवीत ते कार्ड, पुराव्यासारखं. चौकशीवाल्या बाई किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या. पेन्सिल लहानशी, टोक करून करून संपत आलेली. त्या एका बाजूला, साहेब त्यांच्या शेजारी, समोर काका, आणि टेबलाच्या टोकाशी डिक्शनरी, दोघांच्या मध्ये, नेहमीच्याच जागी म्हणायला हरकत नाही.

पहिले प्रश्न सोपे होते. किती वर्षं काम? रोजचं काम काय? काका उत्तरं देत होते आणि ते नेहमीचेच काका होते. राळ गरम करून तिच्यात पूड घोटतो. गुठळी राहिली तर पुन्हा घोटतो. धुराच्या वेळी ड्रम कसा बाहेर काढला हे सांगताना त्यांनी ट्रॉलीचं कोणतं चाक अडत होतं तेसुद्धा सांगितलं. डिक्शनरी वाक्यामागून वाक्य पलीकडे देत होती आणि तिचा आवाज ताळ्यावर होता. बाईंची पेन्सिल चालत होती.

मग बाईंनी विचारलं, “दोन अर्धे ड्रम त्यांनी एकत्र का केले?”

तिनं प्रश्न काकांना सांगितला. काकांनी घसा खाकरला. टेबलाकडे बघत ते म्हणाले, “दिले टाकून एकात. कचऱ्यातच जायचं होतं ते. कोण नीट करत बसतंय? म्हटलं, काय होतंय.”

साहेबांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांचे खांदे सैल पडले.

डिक्शनरीला मात्र कुणीतरी मानेवर गार पाणी ओतल्यासारखं झालं. टाकून. हा शब्द. ज्या माणसानं सात वर्षांच्या पोरीला साखर टाकू दिली नाही, तो चौतीस वर्षांच्या कामाबद्दल म्हणत होता, दिले टाकून. त्यांना सगळं आठवत होतं. टेबल आठवत होतं, फोन आठवत होता, ‘लिहिलंय तसंच’ आठवत होतं. म्हणूनच ते असं बोलत होते. सबंध खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायला त्यांनी सगळ्यात हलका शब्द निवडला होता, आणि तिच्यासाठी एवढंच ठेवलं होतं की तो जसाच्या तसा पलीकडे द्यायचा.

“सांगा,” साहेब म्हणाले.

तिनं सांगितलं. “ही सेज ही जस्ट चक्ड देम टुगेदर.” एकवीस वर्षांत इतकं तंतोतंत भाषांतर तिनं केलं नव्हतं. वहीतली उजवीकडची बाजू, वरून पहिलीच ओळ.

बाईंनी तो शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. त्यांचा चेहरा मिटल्यासारखा झाला. इतका वेळ त्या काकांकडे बघत होत्या, आता कागदाकडे बघायला लागल्या. पुढचा प्रश्न त्यांनी उत्तर ठाऊक असल्यासारखा विचारला. “आधी कार्ड वाचलं होतं का?”

“कार्ड कोण वाचतंय,” काका म्हणाले.

हेही तिनं पलीकडे दिलं. दिलं आणि तिला कळलं की आता एकच प्रश्न उरलाय, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का. काका नाही म्हणतील. रेकॉर्डर बंद होईल. साहेब चहा मागवतील. आणि ती आपल्या टेबलाशी जाऊन बसेल, पगारासकट, खुर्चीसकट. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि त्या भीतीहून जास्त राग आला होता, काकांचाच. न विचारता एवढं मोठं देणारा माणूस घेणाऱ्याचं काय होईल याचा विचार करत नाही.

बाईंनी तो शेवटचा प्रश्न विचारला. तिनं तो काकांना सांगितलाच नाही.

“मला सांगायचंय,” ती इंग्रजीत म्हणाली. “आत्तापर्यंत जे सांगितलं ते त्यांचं होतं आणि बरोबर होतं. आता माझं आहे. हा माणूस असं बोलत नाही. कधीच बोलत नाही.”

“हा विषय नाही,” साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे न बघता तळहात वर केला.

डिक्शनरीनं वही काढली. चिकटवलेला कागद जुना होऊन कडांना वर आला होता. तिनं आधी पत्रवाल्याची ओळ वाचली, मग पिशवीतल्या कार्डावरची. दोन्ही एकापाठोपाठ, दोन्ही इंग्रजीत. मग त्या दुपारचं सांगितलं. काकांनी काय विचारलं, तिनं काय उत्तर दिलं, फोन कुठल्या खांद्यात होता. ती एकदाही थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

बाईंनी वही स्वतःकडे ओढून ती चिकटवलेली ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, “ऑड्स अँड एन्ड्स. तुमच्या मते किती?”

तिनं दोन्ही तळव्यांची वाटी करून दाखवली.

“आणि रिमेनिंग क्वांटिटीज?”

“कितीही.”

“मग बदललं का?”

“तो शब्द बरा दिसत नव्हता,” ती म्हणाली. “भिंतीवर लावायला.”

बाईंनी कार्ड उचलून साहेबांपुढे धरलं आणि त्यांच्या सहीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता.

इंग्रजी कळलं नाही तरी काकांना वही कळली होती. ते खुर्चीतून अर्धे उठले. “काय बोललीस तिला?”

“सगळं.”

“अक्कल गहाण ठेवलीस का?” एवढ्या वर्षांत ते तिच्यावर असे ओरडले नव्हते. “सगळं सरळ जमवून आणलं होतं मी. माझे आठ महिने राहिले होते, तुझी अजून पंधरा वर्षं आहेत. चार दिवस पाठ करत होतो ते वाक्य. काकूपुढे म्हणून दाखवत होतो. तोंडातून निघत नव्हतं ते माझ्या, कळतंय का?”

बाईंनी काकांकडे बघितलं, मग तिच्याकडे. “हे काय म्हणाले?”

रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नव्हता. तिनं डोळे पुसले, ओरडण्यापासून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “ते म्हणतात, मी चार दिवस ते वाक्य पाठ करत होतो. ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मघाशी रेघ मारलेला शब्द त्यांनी खोडला नाही, पण त्याच्यापुढे समासात काहीतरी लिहिलं. काय ते डिक्शनरीला दिसलं नाही.

दुपारी निकाल तोंडी कळला. काकांवरचा हलगर्जीपणाचा मुद्दा काढून टाकला. साहेबांना मुख्य कचेरीत बोलावणं. आणि डिक्शनरीला कार्डांच्या कामावरून बाजूला काढलं, पुढचं ठरेपर्यंत. तिच्या आद्याक्षरांनी कुठलाही कागद बाहेर जायचा नाही, असं लेखी. हे ठरेपर्यंत म्हणजे किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही, आणि घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न सकाळपेक्षा मोठा होऊन बसला होता.

जाण्याआधी बाईंनी एक काम मात्र सांगितलं. जुनं कार्ड काढलंय, भिंत रिकामी ठेवता येणार नाही. आज संध्याकाळपर्यंत तात्पुरतं काहीतरी लावा. या माणसानं सांगावं, तुम्ही लिहावं, शर्टबिर्ट न घालता. ते शर्टाचं तिनं वहीबद्दल सांगताना बोलून दाखवलं होतं, ते बाईंनी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

शेड बंद होती. मिक्सर थांबलेले, जमिनीवर ड्रम लोटत नेल्याची काळी रेघ दारापर्यंत. काका उलट्या घातलेल्या बादलीवर बसले, अजून धुसफुसत. तिनं खोक्याचा पुठ्ठा कापून घेतला आणि मार्करचं टोपण काढलं.

“सांगा.”

“काय सांगू, कप्पाळ? लिही. वाटीच्या बुडाशी राहिलं असेल तेवढंच एकत्र कालवायचं.” त्यांनी हनुवटीनं पुठ्ठ्यावरची पुढची ओळ दाखवली. “वाटीपेक्षा जास्त असेल तर मोठा आणि धाकटा एकमेकांच्या नजरेसमोरसुद्धा आणायचे नाहीत. झाकणं लावायची आणि विचारायचं.”

“कुणाला विचारायचं?”

काकांनी तिच्या टेबलाच्या दिशेनं बघितलं. मग ते म्हणाले, “विचारायचं, आणि समोरचा फोनवर असेल तर तो फोन खाली ठेवेपर्यंत थांबायचं. हेही लिही. माझंही चुकलंच. ढीग मोठा होता, मला दिसत होतं. पण कागद इतका नीटनेटका होता, आणि खाली तुझी अक्षरं.”

तिनं ते सगळं लिहिलं, फोनच्या वाक्यासकट. मग वरच्या अर्ध्यात इंग्रजी. डावीकडचा शब्द तिच्या हातात आला होता, तो तिनं येऊ दिला नाही. ‘ओन्ली द बिट लेफ्ट इन द कप,’ तिनं लिहिलं. वाटीत राहिलंय तेवढंच.

काकांनी बँडेजच्या दोन्ही हातांनी पुठ्ठा उचलला आणि भिंतीवर जुन्या कार्डाच्या जागी दाबून धरला.

“सही कर.”

“माझी सही आता चालत नाही, काका. लेखी दिलंय त्यांनी.”

“त्यांना चालत नसेल. तुझी सही नसेल तर शेडमधलं कुणी वाचायचं नाही हे. मीही नाही.”

“याच सहीनं हात भाजलेत तुमचे.”

“म्हणूनच म्हणतोय,” काका म्हणाले. “कर लवकर. दुखतायत.”

ती मार्कर घेऊन जवळ गेली आणि या वेळी तिनं आद्याक्षरं लिहिली नाहीत. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. टेप लावून झाल्यावर काकांनी हात खाली घेतले. भरणी विभागातली बाई घरी जायला निघाली होती. ती दाराशी थांबली, पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीशी अडली.

“ही कोण?” तिनं विचारलं.

“माझी पुतणी,” काका म्हणाले.